मनातले बोल आणि साक्षीचा पिंजरा

वकिलाच्या कचेरीत बसून अशिलाने जे विश्वासाने सांगितले, ते त्या वकिलाच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार या देशातील न्यायालयांना नाही. पतीने पत्नीला अथवा पत्नीने पतीला संसारात सांगितलेली गोष्टही, काही अपवाद वगळता, साक्षीच्या पिंजऱ्यात उघड करावयास लावता येत नाही. परंतु मनाचा तोल ढळू लागला म्हणून एखाद्याने मानसशास्त्रज्ञापुढे आपले अंतःकरण रिते केले, तर त्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात असे कोणतेही कवच नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ते नव्हते. आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते आलेले नाही. दीडशे वर्षांनी हा कायदा नव्याने लिहिण्याची संधी आली आणि ती तशीच निघून गेली.

हा प्रश्न केवळ कायदेपंडितांच्या चर्चेचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे पाहण्यासाठी भिवंडीसारख्या शहराकडे नजर टाकावी. यंत्रमागांच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा कामगार येथे दहा-पंधरा जणांच्या खोलीत पथारी टाकतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेली ही माणसे. त्यांची खानावळ सामाईक, खोली सामाईक, गावाकडची ओळखही सामाईक. अशा ठिकाणी खाजगीपणा ही चैनीची वस्तू ठरते. एकाला झोप लागत नाही, दुसऱ्याला कारखान्यात उभे राहिल्याबरोबर धडकी भरते, तिसऱ्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळतात. हे कोणापाशी बोलावे? खोलीतल्या सोबत्याशी बोलावे तर गोष्ट मुकादमापर्यंत जाण्याची भीती, आणि घरी कळवावे तर सोयरिकी मोडण्याची भीती. मनाच्या आजारावरील उपचारांत औषधाला जितके महत्त्व आहे, तितकेच मोकळ्या बोलण्याला आहे. आणि मोकळे बोलणे ‘हे येथेच राहील’ या एका भरवशावर अवलंबून असते. तो भरवसा कायदा देतो काय, हा प्रश्न म्हणूनच दिवाणखान्यातला नसून खोली-खोलीतला आहे.

एका जुन्या खटल्याची सावली

या उणिवेचा उगम इंग्लंडमध्ये आहे. १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसवर, पहिला पती हयात असताना दुसरा विवाह केल्याबद्दल, उमरावांच्या सभागृहापुढे खटला चालला. तिच्या पहिल्या विवाहाविषयी काय ठाऊक आहे, असे तिच्या शल्यवैद्याला विचारण्यात आले. व्यवसायाच्या निमित्ताने कळलेली गोष्ट सांगणे बंधनकारक आहे काय, अशी शंका त्याने काढली. त्यावर लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिलेला निर्णय पुढे प्रमाण मानला गेला. वैद्याने आपखुशीने रुग्णाचे गुपित फोडले तर तो विश्वासघात होय. परंतु न्यायालयाने विचारल्यावर सांगितले तर त्यात अप्रतिष्ठेचे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी हिंदुस्थानसाठी पुराव्याच्या कायद्याचा मसुदा केला तेव्हा वकिलाला संरक्षण मिळाले आणि वैद्य त्याबाहेर राहिला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने मात्र १८२८ मध्येच वैद्य-रुग्ण संवादाला कायद्याने संरक्षण दिले होते. म्हणजे स्टीफन यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता असे नाही.

अठराव्या शतकातील त्या निर्णयामागे एक विशिष्ट समजूत होती. शल्यवैद्य जखम पाहतो, नाडी पाहतो, शरीरावरील खुणा पाहतो; रुग्णाने तोंड उघडले नाही तरी त्याचे काम बव्हंशी चालते. मानसोपचाराची गोष्ट याहून मुळातच निराळी आहे. येथे रुग्णाचे शब्द हीच नाडी, आणि त्याची कबुली हेच लक्षण. ते शब्द उद्या आपल्यावरच उलटतील अशी शंका आली की रुग्ण गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की उपचार थांबतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात नेमका हाच विचार मान्य केला. इलिनॉय राज्यातील एका महिला पोलिस अधिकाऱ्याने कर्तव्यावर असताना एका माणसाला गोळी घातली होती. मृताच्या कुटुंबीयांना, तिने नंतर समुपदेशकापाशी जे सांगितले त्याच्या नोंदी हव्या होत्या. न्यायालयाने त्या देण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. रुग्ण बोलेल तर पुरावा निर्माण होणार. संरक्षण नसेल तर तो बोलणारच नाही, आणि मग न्यायालयाच्याही हाती काही लागणार नाही, हा त्यामागील युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतीय कायद्याची विसंगती येथे अधिकच डोळ्यांत भरते. आरोपीने पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कारण तो भीतीपोटी दिलेला असू शकतो, हे कायद्याने ओळखले आहे. परंतु तीच कबुली त्याने आपल्या मानसशास्त्रज्ञापाशी दिली तर ती ‘न्यायालयाबाहेरील कबुली’ या सदरात मोडू शकते. असा पुरावा दुबळा असतो आणि तो जपूनच स्वीकारावा असे न्यायालयांनी पुनःपुन्हा म्हटले आहे, हे खरे. तथापि, दारच बंद असणे आणि दार उघडे असून पहारेकरी सावध असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

२०१७ च्या कायद्याने काय दिले

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली, परंतु भर रुग्णालयांत दाखल करण्या-सोडण्यावरच राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रथमच रुग्णाला हक्कांचा धनी मानले. हा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम २३ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपला आजार, उपचार आणि शारीरिक प्रकृती यांविषयी गोपनीयतेचा हक्क आहे, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या सर्व आरोग्य व्यावसायिकांवर ही माहिती गुप्त राखण्याचे बंधन आहे. संगणकात साठविलेल्या माहितीलाही हा हक्क लागू आहे. कलम २४ नुसार अशा रुग्णाचे छायाचित्र अथवा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. कायद्याचा भंग करणाऱ्याला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

कलम २३ ला अपवाद आहेत आणि ते असलेच पाहिजेत. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला त्याचे कर्तव्य बजावता यावे म्हणून, अन्य वैद्यकीय व्यावसायिकांना उपचार करता यावेत म्हणून, दुसऱ्या कोणाला इजा होण्यापासून वाचविण्यासाठी, जीविताचा धोका टाळण्यासाठी, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, केंद्रीय प्राधिकरण, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय ‘अथवा सक्षम असे अन्य वैधानिक प्राधिकरण’ यांच्या आदेशावरून माहिती देता येते. इजा टाळण्यासाठी द्यावयाची माहिती तेवढ्यापुरतीच असावी, असेही कायदा बजावतो. हे सारे वाचताना व्यवस्था चोख वाटते. अडचण ती वापरावयास निघाल्यावर सुरू होते.

पहिली अडचण ‘कोण’ या शब्दाची. कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे ती विचार, भावना, आकलन अथवा स्मृती यांच्या गंभीर बिघाडाची आहे. परीक्षेच्या धास्तीने खचलेला विद्यार्थी किंवा सासरच्या जाचाने कोमेजलेली स्त्री या व्याख्येत बसेलच असे नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूलाही तीच गत आहे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असल्याने त्याला वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांचे बंधन आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. परंतु मानसशास्त्रात पदवी घेऊन, अथवा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम करून, ‘समुपदेशक’ म्हणून पाटी लावणाऱ्यांचे काय? २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांना आपल्या यादीत घेतले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु यादीत नाव येणे आणि गुपित राखण्याची शिस्त अंगवळणी पडणे यांत बरेच अंतर असते. सामान्य माणसाला या पाट्यांमधील फरक कळत नाही. त्याच्या लेखी खुर्चीवर बसून ऐकणारा प्रत्येक जण ‘डॉक्टरसाहेब’च असतो.

दुसरी अडचण ‘आदेश कोणाचा’ ही. कलमात उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचा नावानिशी उल्लेख आहे; भिवंडीतील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय किंवा ठाण्याचे सत्र न्यायालय यांचा तसा नाही. ते ‘अन्य सक्षम प्राधिकरणा’त येतात असा अर्थ लावता येईल. पण मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रे मागविण्याचा अधिकार असलेला पोलिस ठाण्याचा अंमलदारही त्यात येतो काय? येत असेल तर कलम २३ च्या भिंतीला एक मोठेच खिंडार पडले असे म्हणावे लागेल. येत नसेल तर ते स्वच्छ शब्दांत सांगावयास हवे होते. दवाखान्यात पोलिस आले आणि त्यांनी रुग्णाची फाईल मागितली, तर एकट्या-दुकट्या व्यावसायिकाने कायद्याच्या पुस्तकातील शब्दांचा कीस काढीत उभे राहावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. तो फाईल देऊन मोकळा होईल, हीच शक्यता अधिक.

तिसरी अडचण खास भिवंडीसारख्या शहराची आहे आणि तिचा विचार फारसा होत नाही. येथे उर्दू, मराठी, हिंदी, भोजपुरी आणि पद्मनगरच्या विणकर वस्तीत तेलुगू कानी पडते. रुग्णाची भाषा एक आणि ऐकणाऱ्याची दुसरी, असा प्रसंग आला की मध्ये दुभाषी येतो, आणि तो बहुधा रुग्णाचाच नातलग, शेजारी किंवा सोबतचा कामगार असतो. पत्नीच्या मनातील दुःख नवऱ्याने भाषांतरित करावयाचे असा प्रकार घडला, तर त्या दुःखाचा कोणता भाग वैद्यापर्यंत पोहोचेल याची कल्पना करावी. कलम २३ चे बंधन आरोग्य व्यावसायिकांवर आहे. मधल्या माणसावर ते नाही. गंमत अशी की वकिलांच्या बाबतीत १८७२ च्या कायद्याने कलम १२७ मध्ये दुभाषी, कारकून आणि नोकर यांनाही गोपनीयतेच्या कक्षेत घेतले होते, आणि नव्या अधिनियमानेही ती तरतूद कायम ठेवली आहे. वकिलाच्या टेबलापाशी बसणाऱ्या कारकुनाच्या कानावर पडलेली गोष्ट कायदा जपतो. मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत बसलेल्या दुभाष्याच्या कानावर पडलेली जपत नाही.

मुंबईतील दोन प्रकरणे

गोपनीयतेचा बांध प्रत्यक्षात कसा फुटतो याची साक्ष महाराष्ट्रातच मिळते. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत या चित्रपट-नटाचा मुंबईत मृत्यू झाला. त्यानंतर त्याच्या मानसिक आजाराची चर्चा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिवसरात्र चालली. डॉक्टरांनी पोलिसांपुढे दिलेल्या जबाबांतील मजकूर वृत्तपत्रांत आला. त्याच्यावर उपचार केलेल्या एका व्यक्तीने ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या आजाराचे निदान माध्यमांतून जाहीर केले. गैरसमज दूर व्हावेत आणि निष्पाप माणसावरील चिखलफेक थांबावी असा हेतू त्यामागे सांगण्यात आला. हेतू चांगला असेलही. परंतु ज्याच्या मनाची ही कहाणी होती त्याची संमती घेण्याची सोय उरली नव्हती. मृत्यूनंतर या हक्काचे काय होते, हे कलम २३ स्पष्ट शब्दांत सांगत नाही. त्या दिवसांत आपल्या मनाच्या व्यथेसाठी उपचार घेणाऱ्या, अथवा घ्यावेत की न घ्यावेत या विचारात असलेल्या असंख्य लोकांनी काय धडा घेतला असेल? आपले गुपित आपण जिवंत असेपर्यंतच, तेही आपण प्रसिद्ध नसू तरच सुरक्षित, हाच.

दुसरे प्रकरण निराळ्या अंगाने बोधप्रद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल एक महिन्याची कैद दिली. त्या शिक्षेचा बराचसा काळ ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होते. त्यांच्या प्रकृतीचे कागद माहितीच्या अधिकाराखाली मागविण्यात आले तेव्हा वैद्यकीय गोपनीयतेचा मुद्दा पुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बाबतीत व्यापक लोकहित असेल तर गोपनीयतेचा नियम माहिती अडविण्यास पुरेसा ठरणार नाही. हा निर्णय योग्यच होता. आजारपणाच्या आडून तुरुंग चुकविला जात असेल तर ते जनतेला कळले पाहिजे. गोपनीयतेचा कैवार घेणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये. दुबळ्याचे कवच बलवानाची ढाल होऊ शकते, आणि म्हणूनच कवच कोठे संपते हे कायद्यानेच आखून द्यावयास हवे.

दुसरी बाजू

या प्रश्नाची दुसरी बाजू खरोखरच गंभीर आहे. तिला एका भारतीय विद्यार्थ्याचे नाव चिकटलेले आहे. बंगालमधून कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकावयास गेलेल्या प्रोसेनजित पोद्दार याने तातियाना तारासॉफ या तरुणीला ठार मारण्याचा विचार विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञापाशी बोलून दाखविला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी त्याला ताब्यात घेऊन चौकशीनंतर सोडून दिले. तातियानाला अथवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिचा खून केला. तिच्या आईवडिलांनी लावलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असे ठरविले की, रुग्णापासून विशिष्ट व्यक्तीला गंभीर धोका आहे हे दिसत असताना उपचारकाने तिच्या रक्षणासाठी वाजवी ती काळजी घेतलीच पाहिजे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये, एचआयव्हीबाधित रुग्णाच्या नियोजित विवाहासंबंधीच्या प्रकरणात, वैद्यकीय गुपित दुसऱ्याच्या जीवितापुढे निरपवाद नसते असे म्हटले.

बालकांच्या बाबतीत तर कायदा याहूनही कठोर आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, अत्याचाराची माहिती असूनही ती कळविली नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरील खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला. मूल स्वतः बोलू शकत नाही, म्हणून मोठ्यांच्या मौनाला येथे क्षमा नाही, ही भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, परस्परसंमतीच्या संबंधांतून गर्भवती झालेली अल्पवयीन मुलगी डॉक्टरकडे गर्भपातासाठी आली असता, तिच्या व पालकांच्या विनंतीवरून तिची ओळख पोलिसांना न कळविण्याची सवलत दिली होती. ओळख उघड होण्याच्या भीतीने या मुली अडाणी वैदूंकडे जातील, हे न्यायालयाने ओळखले. सक्तीने कळविण्याच्या नियमातही गोपनीयतेला जागा ठेवावी लागते, नाही तर नियम ज्यांच्यासाठी केला तेच त्याच्यापासून दूर पळतात, हा त्याचा मथितार्थ आहे.

विवाहविषयक दाव्यांत प्रश्न आणखी नाजूक होतो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे; १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्यातही पती दोन वर्षे वेडाने ग्रस्त असल्यास पत्नीला दाद मागता येते. २००३ साली शारदा विरुद्ध धर्मपाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अशा दाव्यात पक्षकाराला वैद्यकीय तपासणीस सामोरे जाण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, असे ठरविले. तपासणीचा आदेश आणि पूर्वीच्या उपचारांच्या नोंदी मागविणे यांतला भेद मात्र जपला पाहिजे. तपासणीत न्यायालय आजची स्थिती पाहते. जुन्या नोंदींत रुग्णाने विश्वासाने काढलेले उद्गार असतात. तो भेद पुसला गेला, तर नवरा-बायकोच्या भांडणात ‘ती मानसोपचार घेत होती’ हे वाक्यच शस्त्र बनेल. घरातल्या स्त्रीने मदतीसाठी उचललेले पाऊल तिच्याच विरुद्ध पुरावा ठरावे, याहून मोठा उपमर्द कोणता?

मार्ग कोणता

तेव्हा प्रश्न गोपनीयता हवी की नको, असा नाहीच. ती किती, कोणी मोडावयाची आणि कोणत्या रीतीने, असा आहे. याची उत्तरे शोधण्यासाठी परदेशात जाण्याचीही आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत समुपदेशकापुढे झालेले बोलणे व त्याच्या नोंदी गोपनीय मानल्या आहेत, आणि दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय त्या उघड करावयास त्याला लावता येत नाही. न्यायालयाच्या आवारातील समुपदेशकाला जे संरक्षण मिळते ते गावातील मानसशास्त्रज्ञाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर सापडणे कठीण आहे. वकिलाच्या संरक्षणालाही मर्यादा आहेतच. बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी केलेले बोलणे त्यात झाकले जात नाही. तीच मर्यादा येथेही घालता येईल.

साक्ष अधिनियमात एक कलम वाढवून मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्यापाशी उपचारार्थ झालेल्या संवादाला वकिलाच्या धर्तीवर संरक्षण द्यावे, आणि दुभाषी व कर्मचारी यांना त्यात सामावून घ्यावे. विशिष्ट व्यक्तीच्या जीविताला असलेला धोका आणि बालकांवरील अत्याचार हे अपवाद नावानिशी नमूद करावेत. अन्य प्रसंगी माहिती हवी असल्यास ती न्यायाधीशाच्या लेखी आणि सकारण आदेशानेच मिळावी. न्यायाधीशाने नोंदी आधी स्वतः बंद दालनात पाहाव्यात आणि प्रकरणाला आवश्यक तेवढाच भाग पक्षकारांपुढे ठेवावा. पोलिसांच्या तोंडी मागणीवर फाईल देता येणार नाही, हे सरकारने परिपत्रक काढून ठाण्या-ठाण्यात कळवावे. त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा शहाणा होऊ शकतो, याचे ताजे उदाहरण समोर आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. म्हणजे ‘जीव द्यावयाचा प्रयत्न केला’ असे डॉक्टरला सांगणारा रुग्ण एका परीने गुन्ह्याची कबुलीच देत असे. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे असे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही. अपराधी म्हणून पाहिलेल्या माणसाला कायद्याने अखेर आजारी म्हणून ओळखले. त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकावयाचे आहे.

हे पाऊल आता लांबणीवर टाकता येणार नाही, याला एक तातडीचे कारण घडले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यांतील एक. भिवंडीतील मराठी, उर्दू, इंग्रजी माध्यमांच्या शाळा-महाविद्यालयांत हा समुपदेशक येऊन बसेल तेव्हा पहिलाच प्रश्न उभा राहील: त्याच्या कपाटाची किल्ली कोणापाशी? मुख्याध्यापकांनी नोंदी मागितल्या तर? संस्थाचालकांनी, वर्गशिक्षकांनी, पालकांनी मागितल्या तर? मुलाचा जीव धोक्यात असेल तर पालकांना सांगितलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु मुलाने कोणाविषयी काय म्हटले याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर झाली, तर दुसऱ्या दिवसापासून त्या समुपदेशकाच्या दारात एकही मूल फिरकणार नाही; खुर्ची राहील, पगार राहील आणि मुले पुन्हा एकटी पडतील. नोंदी कोठे ठेवाव्यात, कोणी पाहाव्यात, मुलाला आरंभीच काय सांगावे, याचे साधे लेखी नियम प्रत्येक शाळेला आजच करता येतील. ते करण्याची जबाबदारी शिक्षकांचीही आहे.

भिवंडीला विश्वासाचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत या शहराने संशयाची किंमत रक्ताने मोजली. आणि पुढे मोहल्ला समित्यांतून माणसे एकमेकांशी बोलती झाली, तेव्हा १९९२-९३ चा वणवा मुंबईत पेटलेला असताना हे शहर शांत राहिले. बोलण्याची जागा सुरक्षित असली की माणसे बोलतात, आणि बोलली की पुष्कळसे अनर्थ टळतात. शहराला जे लागू पडते ते एका माणसाच्या मनालाही लागू पडते. तेथील वणवाही पेटण्यापूर्वी विझविता येतो. त्यासाठी एक ऐकणारा माणूस आणि त्याच्या मागे उभा राहणारा कायदा लागतो. ऐकणारी माणसे हळूहळू मिळू लागली आहेत. कायद्याने मात्र अद्याप किंग्स्टनच्या डचेसचा खटला मनातून काढून टाकलेला नाही.